जिथं चालायचा, तिथंच लिहिलेला प्रोग्राम

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात वजनकाट्याला लागून एक लाकडी टेबल आहे. त्यावर सात इंची स्क्रीन, तिच्या पाठीला स्क्रूने बसवलेला रास्पबेरी पाय ३ बी प्लस (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक), एक नंबरपॅड आणि पावतीचा छोटा थर्मल प्रिंटर. कट्टे काट्यावर चढतात, स्क्रीनवर वजन येतं, मापारी काकाजी शेतकऱ्याचं नाव निवडतात, ओलावा टाकतात, नोंद करतात, पावती निघते. सोयाबीनचा पूर्ण हंगाम या टेबलावर गेला. आता तूर येईल.

हा प्रोग्राम मी लिहिला, आणि सगळा त्याच बोर्डावर, त्याच गोदामात बसून लिहिला. लॅपटॉप घरी होता. पुण्यात नोकरीला असलेली माझी पॉलिटेक्निकची मैत्रीण म्हणाली, लॅपटॉपवर लिही, तपास, आणि शेवटी बोर्डावर चढव, सगळे असंच करतात. मोठ्या कंपनीत ते ठीक असेल. पण हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात, टिनाच्या शेडखाली, लाईन येत-जात असताना चालायचा प्रोग्राम घरच्या पंख्याखाली बसून लिहिता येत नाही, असं माझं ठाम मत झालंय. ते का झालं, तेच आज सविस्तर लिहिते. आमच्याकडच्या डिप्लोमा-बीएस्सीच्या पोरापोरींना याचा उपयोग व्हावा, ही मनापासून इच्छा आहे.

आधी बोर्डाबद्दल थोडं. रास्पबेरी पाय पहिल्यांदा २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या लोकांनी मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून तो काढला. पहिल्या बोर्डात २५६ एमबी मेमरी होती आणि ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. आमचा ३ बी प्लस २०१८ चा आहे: १.४ गिगाहर्ट्झ, चार कोअर, १ जीबी मेमरी. नागपूरला सीताबर्डीत जुना मिळाला. आजच्या मानाने तो लहान आहे, आणि वजनकाट्याच्या कामाला तो भरपूर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मोबाईल ॲप का नाही, हे सगळेच विचारतात. काट्यापाशी शेतकरी उभा असतो. त्याला स्वतःचं वजन, स्वतःचं नाव, कापलेला ओलावा, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मोबाईल एकाच्या हातात असतो आणि तो ज्याच्या हातात त्यालाच दिसतो. टेबलावरची स्क्रीन दोघांच्या मध्ये असते. शिवाय गोदामात टॉवर धड मिळत नाही, त्यामुळे इंटरनेटवर टेकलेलं काही नको होतं. वेब पेजसारखा प्रोग्राम बनवून ब्राउझरसकट बांधून देण्याची पद्धत हल्ली फार आहे, पण त्यात प्रत्येक प्रोग्रामबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो आणि १ जीबीच्या बोर्डावर तो श्वास कोंडल्यासारखा चालतो. म्हणून साधा डेस्कटॉप प्रोग्राम: पायथन भाषा, विंडो आणि बटणं काढून देणारी जीटीके ३ ही लायब्ररी (तयार कोडचा संच), आणि नोंदींसाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस.

जीटीके निवडण्यामागं एकच कारण सगळ्यात मोठं होतं. ते म्हणजे आपली लिपी.

सुरुवात टीके या विंडो काढणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीने केली होती, कारण पायथनबरोबर ती वापरायचं टीकिंटर तयारच असतं आणि शिकायला फार सोपं आहे. पहिली विंडो उघडली, त्यात एक बटण, एक वजनाचा रकाना, आणि त्यापुढं ‘क्विंटल’. स्क्रीनवर ‘क’ला हलंत लागलेलं, पुढं सुटा ‘व’, आणि त्याच्यानंतर वेलांटी. काकाजी मागं उभे होते. ते म्हणाले, “काऊन बाई, हे काय लिवलं? असं माह्यं नाव आलं त मी पावतीवर सही नाई करत.” त्यांचं आडनाव ‘ऱ्ह’चं आहे. नाव टाकून दाखवलं, तर ते आणखीच तुटून आलं.

काकाजींचं बरोबरच होतं. माणसाचं नाव नीट न लिहिणारं यंत्र त्याचं वजन नीट लिहीत असेल, यावर त्याने का विश्वास ठेवावा?

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. संगणकाच्या आत ‘कि’ हे आधी ‘क’ आणि मग वेलांटी असं साठवलेलं असतं. दाखवताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. ‘क्व’मध्ये हलंत दिसायला नको, अर्धा ‘क’ दिसायला हवा. साठवलेल्या अक्षरांवरून पडद्यावरच्या आकृत्या ठरवण्याचं हे काम वेगळं आहे, आणि ते करणारा भाग वेगळा लागतो. रास्पबेरी पायवरच्या लिनक्स या सिस्टीमवर ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. जीटीके मजकूर पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडे देतं, पँगो तो हार्फबझकडे देतं, आणि आकृत्या बरोबर येतात. क्यूटी या जीटीकेसारख्याच दुसऱ्या लायब्ररीतही हार्फबझ आहे. पण लिनक्सवरचं टीके, माझ्याकडची ८.६ आवृत्ती, हे काम करतच नाही. एकेक अक्षर उचलून एकापुढे एक मांडतं. इंग्रजीला तेवढं पुरतं, मराठीला नाही.

रास्पबेरी पायवर शिकणाऱ्यांना सहसा थॉनी हा एडिटर (प्रोग्राम लिहायची जागा) दिला जातो. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला, नवशिक्यांसाठी उत्तम. पण तोही टीकेवरच बांधलेला आहे, म्हणून त्यात मराठी ओळी लिहिल्या की त्याही तुटक्या दिसतात. पोरं समजतात आपलं काहीतरी चुकलं. नाही चुकलं. जीनी नावाचा एडिटर घ्या. तो जीटीकेवर आहे, हलका आहे, आणि त्यात मराठी स्वच्छ दिसते. मी सगळं त्यातच लिहिलं.

आता ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’कडे येते, कारण इथं माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो घालवण्यासारखाच होता. वऱ्हाड, पऱ्हाटी, शेतकऱ्याचा, कुऱ्हाड: आपल्याकडच्या बोलण्यात हा अर्धा ‘र’ ठायी ठायी येतो. हिंदीला तो लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढं ठेवून केलेल्या तपासणीत तो कुणाच्या लक्षातही येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलंत. दोन, साधा ‘र’, हलंत, आणि त्यापुढं न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. आत मात्र वेगळे असतात.

आमच्या सभासदांची यादी दोघांनी टाईप केली होती, एकाने मोबाईलवर, एकाने सीएससी केंद्रातल्या संगणकावर. त्यामुळे एकाच आडनावाचे दोन सख्खे भाऊ यादीत आत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिले गेले होते. आडनाव शोधलं की एक भाऊ सापडायचा, दुसरा नाही. आणि जो सापडत नाही तो समोर कट्टे घेऊन उभा! उपाय छोटा आहे: यादी आत घेताना आणि शोधताना, दोन्ही वेळी दुसऱ्या तऱ्हेचा ‘र’ पहिल्या तऱ्हेत बदलून घ्यायचा. एका ओळीचं काम. पण ही ओळ लिहायची असते हे कुठल्याही पुस्तकात मला मिळालं नाही, ते त्या रांगेनं दाखवलं.

नावांचा क्रमही असाच. पायथनला यादी लावायला सांगितली की तो युनिकोडच्या क्रमांकाने लावतो. तिथं ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढं बसतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. काळे, काळमेघ, काळबांडे यांची नावं यादीत भलत्या जागी गेली की काकाजींचं बोट अडतं, कारण त्यांच्या डोळ्यांत मतदारयादीचा क्रम आहे. आयसीयू या लायब्ररीला मराठी भाषा सांगितली की क्रम आपला येतो.

आणि एक बारीक गोष्ट, जिचा मला फार आनंद झाला. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठीची वळणंही असतात: आपला ‘ल’ आणि आपला ‘श’ हिंदीहून वेगळे आहेत. बोर्डाचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, मराठी केलं की पँगो फाँटला सांगतं, ही मराठी आहे, आणि अक्षरांचं वळण बदलतं. बदल झाल्यावर काकाजी म्हणाले, “आता शाळेतल्यासारखं दिसते.” काय बदललं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

पुढं काट्याची जोडणी. इलेक्ट्रॉनिक काट्याला मागं एक सिरियल पोर्ट असतो, त्यातून तो वजनाची एकेक ओळ सतत बाहेर टाकत असतो. आमचा ९६०० बॉडने (हा ओळ पाठवण्याचा वेग) टाकतो. काट्याचं वैधमापनाचं सील आहे, त्याला हात लावायचा नाही. ही तार बाहेरच्या बाहेरच लागते. पण बोर्डाच्या पिनांना ती सरळ जोडू नका. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि काट्याच्या पोर्टवर त्याहून बराच जास्त आणि उलटसुलट विजेचा दाब असतो, बोर्ड जळतो. यूएसबीला लागणारा सिरियल कन्व्हर्टर घ्या. तो ‘टीटीवाय यूएसबी ०’ या नावाने दिसतो आणि एकदा काढून लावला की कधी ‘१’ होतो, म्हणून प्रोग्रामात ते नाव न घालता ‘सिरियल’ फोल्डरमधल्या ‘बाय आयडी’चं कायमचं नाव घाला.

स्क्रीनवर चालणारे प्रोग्राम पहिल्यांदा लिहिणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ती पुढची गोष्ट. कॉलेजात आपण प्रोग्राम वरून खाली लिहायला शिकतो: हे विचार, ते मोज, छाप, संपलं. विंडोचा प्रोग्राम तसा नसतो. तो बसून राहतो आणि काही घडलं की उठतो: बटण दाबलं, कळ दाबली, वेळ झाली. गावातल्या चक्कीवर एकच माणूस असतो, तो आलेले डबे ओळीने घेतो. तो मध्येच एखाद्याची वाट पाहत रस्त्यावर जाऊन उभा राहिला, तर सगळ्यांचे डबे तसेच. प्रोग्रामात काट्याच्या ओळीची वाट पाहणारी आज्ञा सरळ लिहिली की हेच होतं. काट्याची तार निघाली की विंडो थिजते, बटणं दाबली जात नाहीत, आणि माणूस घाबरून बोर्डाची विजेची पिनच काढतो.

जीटीकेत याचा सरळ मार्ग आहे. जीलिब या जीटीकेच्या पायातल्या लायब्ररीला सांगायचं, या पोर्टवर काही आलं तर मला हाक मार. नाही आलं तर कुणी थांबत नाही. दोन सेकंद काहीच आलं नाही तर वजनाच्या जागी मोठ्या अक्षरांत ‘काट्याची तार पाहा’ असं येतं. हा मजकूरही काकाजींनी सांगितलेला आहे. माझ्या मनात ‘जोडणी तुटली’ होतं. जोडणी तुटली म्हणजे काय करायचं, ते त्या शब्दांतून कळत नाही. तार पाहा म्हटलं की माणूस तार पाहतो.

कट्टा ठेवताना वजन हलतं. हमालाचा हात असतो, कट्टा डुलतो. म्हणून वजन स्थिर होईपर्यंत ‘नोंद’ बटण दाबलंच जात नाही, फिकं राहतं. हे नसतं तर सगळ्यात आधी भांडण इथंच झालं असतं, आणि शेतकऱ्याचंच नुकसान झालं असतं.

वजनाचे आकडे मराठीत ठेवावेत असं मला फार वाटत होतं. पण काट्याच्या डब्यावर लाल दिव्यांचे इंग्रजी आकडे असतात, आणि शेतकरी एकदा तिकडे बघतो, एकदा इकडे. दोन्हीकडे आकृती तीच असली की जुळलं हे न वाचताही कळतं. म्हणून स्क्रीनवर वजनाचे आकडे काट्यासारखे ठेवले, बाकी सगळं मराठीत.

बोर्डावर बसून लिहिण्याचा खरा फायदा इथून पुढं जास्त दिसला. सभासदांची यादी लॅपटॉपवर झटकन उघडली असती आणि मला कधी कळलंच नसतं. बोर्डावर ती उघडताना रेंगाळायची. जीटीकेची यादी प्रत्येक ओळीची उंची आधी मोजून घेते. सगळ्या ओळी सारख्याच उंचीच्या आहेत असं तिला सांगता येतं, आणि मग ती दिसणाऱ्याच ओळी मोजते. ते सांगितलं, रेंगाळणं गेलं. वजनाचा आकडा दर ओळीला नव्याने लिहिण्याऐवजी बदलला तरच लिहायचा, आणि त्या रकान्याची रुंदी बांधून टाकायची, म्हणजे आकडा बदलला की सगळी विंडो पुन्हा मांडली जात नाही. प्रोसेसरवरचा भार निम्म्याहून खाली आला. चांगल्या लॅपटॉपवर लिहिणाऱ्याला या गोष्टी सुचत नाहीत, कारण त्याला त्या दुखत नाहीत.

स्क्रीनचंही तसंच. ही सात इंची स्क्रीन ८०० बाय ४८० पिक्सेलची आहे आणि तिचा दिसणारा भाग साधारण १५५ बाय ८६ मिलीमीटर. म्हणजे एका मिलीमीटरला पाच पिक्सेल. कामाच्या माणसाच्या बोटाला किमान दीड सेंटीमीटरचं बटण पाहिजे, म्हणजे जवळजवळ ८० पिक्सेल. स्क्रीनवरच्या आकड्यांच्या बटणांच्या चार ओळींनाच उंचीतले ३२० गेले, उरले १६०. त्यात नाव, वजन आणि ओलावा कसे बसवायचे, हे गणित कागदावर पट्टीने काढलं. आणि मग असं लक्षात आलं की बोटाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. ही स्क्रीन दाबावर नाही, बोटाच्या ओलाव्यातून जाणाऱ्या बारीक विजेवर चालते. वखर, डवरा, विळा धरून राठ झालेलं, वर सोयाबीनची धूळ लागलेलं कोरडं बोट तिला कित्येकदा कळतच नाही. काकाजी दाबतात, काही होत नाही, ते आणखी जोराने दाबतात. बोट पुसून या, असं त्यांना सांगणं मला पटत नव्हतं.

म्हणून यूएसबीचा साधा नंबरपॅड आणला. ओलावा नंबरपॅडवरून, नोंद ‘एंटर’वर, रद्द ‘वजा’वर. स्क्रीनवरचे आकडे काढून टाकले आणि उरलेली सगळी जागा नावाला आणि वजनाला दिली. आता वजन चार हातांवरून वाचता येतं. माझं स्पष्ट मत आहे: ज्या कामात हात मातीचे असतात, तिथं टचस्क्रीन ही दुय्यम सोय ठेवावी, खरी कळ हाताला लागली पाहिजे. आणि काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं खोलीत सुंदर दिसतात, पण गोदामाच्या दारातून ऊन आत आलं की स्क्रीनचा आरसा होतो. पांढऱ्यावर काळी ठेवा.

पावतीचा प्रिंटर ५८ मिलीमीटरच्या कागदाचा आहे. असल्या प्रिंटरला देवनागरी येत नाही, त्याच्या आत ती अक्षरंच नसतात. त्यामुळे पावती आधी चित्र म्हणून काढायची: ३८४ ठिपके रुंद, कारण छपाईची रुंदी ४८ मिलीमीटर आणि एका मिलीमीटरला आठ ठिपके. कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीने आणि पँगोने चित्र काढायचं, काळं-पांढरं करायचं, आणि ‘जीएस व्ही ०’ या आज्ञेने पाठवायचं. बारीक फाँट घेतला तर शिरोरेघ तुटते. मुक्ता या फाँटचा जाड प्रकार घेतला, आता पावती आजोबा मंडळीही चष्म्याशिवाय वाचतात. नाव, गाव, कट्टे, वजन, ओलावा, कपात, निव्वळ वजन. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरतात, म्हणून आम्ही कपातही १२ च्या वर किती तेवढीच दाखवतो, आणि ती कशी काढली ते पावतीवरच लिहितो. कपात नुसती कापलेली दिसली की माणसाच्या मनात राहते.

लाईन जाण्याबद्दल आता थोडक्यात, कारण त्यावर बरंच लिहिलेलं सापडतं. बोर्ड अचानक बंद पडला की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले नावाची सोय आहे, ती चालू केली की कार्डावर काही लिहिलंच जात नाही. नोंदी मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर, एसक्यूलाइटमध्ये ‘सिंक्रोनस फुल’ ठेवून. म्हणजे ‘नोंद झाली’ असं स्क्रीनवर येतं तेव्हा ती खरोखर लिहिली गेलेली असते. पावती त्याच्यानंतरच छापते. हा क्रम उलटा करू नका.

वीज मात्र बॅटरीवरून घेतली आहे. फवारणीच्या बॅटरी पंपातली १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी आमच्याकडे घराघरात असते, आणि तुरीची फवारणी झाली की ती पडूनच असते. ती ९६ वॉट-अवरची झाली. बोर्ड आणि स्क्रीन मिळून सहा-सात वॉट धरा. १२ चे ५ व्होल्ट करणारा चांगला कन्व्हर्टर लावला तर कागदावर अकरा-बारा तास निघतात. जुन्या बॅटरीचे निम्मेच धरा, आणि तशीही ती अर्ध्याच्या खाली उतरवू नये. तार मात्र जाड आणि आखूड घ्या. बोर्डाला ४.६३ व्होल्टच्या खाली वीज मिळाली की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं. ते येत असेल तर प्रोग्रामात दोष शोधत बसू नका, आधी तार बदला.

घड्याळ ही गोष्ट नवख्यांना माहीतच नसते. या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही. इंटरनेट असलं तर तो वेळ विचारून घेतो, नसलं तर मागच्या वेळेपासून पुढं मोजत बसतो. आमच्याकडे इंटरनेट नाही, म्हणजे पावतीवर कालची तारीख. पैशाच्या कागदावर चुकीची तारीख म्हणजे सरळ अविश्वास. डीएस ३२३१ नावाचं छोटं घड्याळ मिळतं, त्यात बटणाएवढा सेल असतो, चार तारांनी लागतं. पाय ५ मध्ये घड्याळ आतच आलंय, पण त्यालाही बॅटरी वेगळी जोडावी लागते.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं. या बोर्डाचं कामाचं तापमान बनवणाऱ्यांनीच ० ते ५० अंश दिलंय. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५-४६ होतं, टिनाखाली त्याहून जास्त. चण्याची खरेदी उन्हाळ्यात जाते. ३ बी प्लस ६० अंशांच्या वर गेला की स्वतःचा वेग १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर आणतो, आणि ८० च्या पुढं आणखी कमी करतो. बोर्डाचं तापमान मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक दाखवलंय. दुपारी बारा ते तीन त्याच्याकडे पाहिलं की कळतं, प्रोग्राम जेवढं विनाकारण काम करतो तेवढी उष्णता आपणच घालतो. वजनाचा आकडा विनाकारण पुन्हा न लिहिणं, अ‍ॅनिमेशन न ठेवणं, वाट पाहताना खरंच स्वस्थ बसणं, या गोष्टी इथं उपयोगी पडल्या. बंद प्लास्टिकचा डबा काढून टाकला, उष्णता बाहेर टाकणारं ॲल्युमिनियमचं हीटसिंक लावलं, आणि बोर्ड काट्याच्या त्या बाजूला हलवला जिथं दुपारी सावली असते. पंखा लावला नाही. सोयाबीनच्या धुळीत तो लवकर बसतो.

आता गावातल्या बारावीच्या दोन मुली संध्याकाळी येतात. त्यांना मी टीव्हीला जोडलेला दुसरा बोर्ड दिलाय. इंटरनेट नसतं म्हणून जीटीकेची सगळी माहिती डेव्हहेल्प या माहिती वाचायच्या प्रोग्राममध्ये उतरवून ठेवली आहे, ती बोर्डावरच वाचता येते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःचं नाव असलेली विंडो केली, आणि मग बचत गटाच्या हप्त्यांची वही स्क्रीनवर आणायला घेतली. त्यातली एक मला म्हणाली, “ताई, याच्यात आईला नुसतं पाहून कळलं पाहिजे, तिला वाचायला वेळ लागते.” तिने हप्ता भरला की रकाना हिरवा केला, राहिला की पांढरा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई शेजारी बसली होती.

सिस्टीम नवी घेणाऱ्यांना एकच सूचना. ऑक्टोबर २०२४ पासून रास्पबेरी पायच्या सिस्टीममध्ये सगळ्याच बोर्डांवर वेलँड ही विंडो दाखवायची नवी पद्धत आलीय. सुरू होताच प्रोग्राम उघडण्याची जुनी जागा चालत नाही, ती आज्ञा आता ‘लॅबडब्ल्यूसी’ या विंडो सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या फोल्डरमधल्या ‘ऑटोस्टार्ट’ फाइलमध्ये लिहावी लागते. माऊस लपवायच्या, स्क्रीन जागी ठेवायच्या जुन्या आज्ञाही बदलल्यात. पूर्ण स्क्रीन व्यापणारी एकच विंडो ठेवली की बाकी त्रास नाही.

तुरीच्या आधी दोन कामं राहिली आहेत. दिवसाच्या शेवटी सगळ्या नोंदींची हिशोबपट्टी एका बटणावर पेनड्राइव्हवर उतरली पाहिजे, म्हणजे कंपनीच्या हिशोबनीस ताईंना ती पुन्हा टाईप करावी लागणार नाही. आणि महिला गटाच्या डाळमिलवर असाच एक बोर्ड बसवायचाय. त्यांचा काटा वेगळ्या बनावटीचा आहे, त्याची ओळ कशी येते ते अजून पाहिलेलं नाही. सोमवारपासून बोर्ड आणि नंबरपॅड घेऊन तिकडेच बसणार आहे.